वस्तरा, ब्लेड आणि खारी हवा

‘दाढी केली’ आणि ‘दाढी करून घेतली’ ही दोन वाक्ये आज आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. सलूनमधून परतलेला माणूसही ‘दाढी करून आलो’ असेच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या दोन क्रियापदांमध्ये एक अख्खी गावगाडा-व्यवस्था उभी होती. पुरुषाने आपली दाढी स्वतः करायची नसते, ती करून घ्यायची असते, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. या विषयाभोवतीचा मराठी शब्दसंग्रह पाहिला तरी ते जाणवते. ‘हजामत’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या देहावर केलेला उपचार. ‘वस्तरा’ हा फारसी ‘उस्तुरा’. ‘क्षौर’ संस्कृत ‘क्षुर’ म्हणजे वस्तऱ्यापासून. ‘श्मश्रू’चे तर विलक्षणच झाले आहे. मुळात त्याचा अर्थ दाढीमिशा. मराठीत ‘श्मश्रू करणे’ म्हणजे त्या काढून टाकणे. ‘दाढी करणे’ या प्रयोगातही तीच गंमत आहे. जी वस्तू नाहीशी करायची तीच आपण ‘करतो’.

वाक्प्रचारांकडे वळले की चित्र अधिक स्पष्ट होते. ‘बिनपाण्याने करणे’, ‘हजामत होणे’, ‘उलट्या वस्तऱ्याने करणे’ या सगळ्यांत बोलणारा दुसऱ्याच्या हातातल्या पात्याखाली मान देऊन बसलेला आहे. भीती आहे, फजिती आहे आणि उठून जाता येत नाही ही अगतिकताही आहे. स्वतःच्या हाताने दाढी करण्याविषयीचा असा रुजलेला वाक्प्रचार मला मराठीत आढळलेला नाही. भाषा घडली तेव्हा ती क्रियाच प्रचारात नव्हती, हे त्याचे कारण असावे.

जुन्या सेफ्टी रेझरांची आणि ब्लेडांची तुलना करणे हा आता एक जागतिक छंद झाला आहे. कोणत्या सालच्या यंत्रात कोणते ब्लेड बसवले तर दाढी गुळगुळीत होते, कोणते बोचते, कोणते ओढते, याची चर्चा मंडळी अत्यंत गांभीर्याने करतात. तो प्रश्न क्षुल्लक आहे असे मला वाटत नाही. परंतु दक्षिण कोकणात, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, तो विचारायचा तर पोलाद आणि कोन यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. पाते कोणाच्या हातात होते, आणि पाणी व हवा कशी होती?

आधी हाताविषयी. बारा बलुतेदारांत न्हाव्याचे स्थान ठरलेले होते. सुगीला धान्य आणि त्याबदल्यात वर्षभर घराची श्मश्रू, असा तो व्यवहार. काखेत धोकटी, तीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. संत सेना न्हावी यांनी याच साहित्याचे रूपक करून अभंग रचला आणि आपल्याकडे तो अभ्यासक्रमांतूनही शिकवला जातो. मात्र शिकवताना आपण विवेक-वैराग्यावर थांबतो. त्या हत्यारांची रोजची निगा, लोखंडाची धार टिकवण्याचे श्रम, यांचा उल्लेखही करत नाही. साध्या पोलादाचा वस्तरा दगडावर घासायचा, मग पट्ट्यावर ओढायचा, वापरून झाला की कोरडा पुसून तेलाचा हात फिरवून ठेवायचा. सागरकिनारी यातले एक जरी चुकले तरी दुसऱ्या दिवशी धारेवर तांबूस ठिपके दिसत. चांगली दाढी म्हणजे चांगला न्हावी, हे समीकरण निव्वळ कौशल्याचे नव्हते, निगराणीचेही होते.

पण या हाताखाली बसण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यातील बालपणाची हकीकत दिली आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, त्याला द्यायला घरात पैसे नव्हते असेही नाही. तरी अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता आणि त्या घरातील मुलांचे केस थोरली बहीण कापीत असे. सरावाने ती त्या कामात तरबेज झाली होती. आंबेडकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत त्याच रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. म्हणजे ज्याला आपण ‘स्वतःची दाढी स्वतः करणे’ म्हणतो, ती गोष्ट समाजातल्या मोठ्या वर्गाकडे सोय म्हणून आलेली नाही. ती त्याच्यावर लादलेलीच होती. सेफ्टी रेझरच्या इतिहासात हा धागा सहसा येत नाही, कारण तो इतिहास कारखान्यापासून सुरू होतो.

दुसरी बाजू विधवांची. केशवपनाचा वस्तराही न्हाव्याच्याच हातात असे आणि तिथे पात्याखाली बसणारीची इच्छा कोणी विचारीत नसे. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला. या घडामोडीमागे ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांच्या चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ सुरू झाले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. यमूच्या सक्तीच्या केशवपनाचा प्रसंग वर्गात शिकवताना विद्यार्थी सासरच्या माणसांविषयी बोलतात, रूढीविषयी बोलतात. वस्तरा धरणाऱ्याविषयी कोणी बोलत नाही. ज्यांच्या हातात तो प्रत्यक्ष होता, ज्यांचे बलुते त्यावर अवलंबून होते, त्यांनी तो खाली ठेवायचे ठरवले, ही घटना कादंबरीइतकीच त्या काळाची साक्ष आहे. माझ्या मते दोन्ही शेजारी ठेवूनच वाचल्या पाहिजेत.

आता अमेरिकेकडे जाणे भाग आहे, कारण पाते हातातून सुटण्याची यांत्रिक सोय तिथे झाली. किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता. वापरून फेकून द्यायचे पातळ पाते काढावे ही कल्पना त्याला १८९५ साली सुचली. मात्र पातळ पोलादी पत्र्याला कडकपणा आणि धार देणे तज्ज्ञांना अशक्य वाटत होते. ते जमवले विल्यम निकरसन या अभियंत्याने. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे एमआयटीत, तो शिकलेला होता. १९०३ साली पहिली विक्री झाली : ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले आणि रेझरांची विक्री ९० हजारांवर गेली. पुढे इंग्लंडमध्येही कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक ब्लेड घेतले. युद्धावरून परतलेली पिढी स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊनच घरी आली. रेझर स्वस्तात देऊन ब्लेडवर नफा काढायचा हे जिलेटचे सूत्र, असे व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक सांगतात. वस्तुतः सुरुवातीला त्या यंत्राची किंमत पाच डॉलर होती, आणि ती रक्कम तेव्हा मोठी होती. रेझर स्वस्त झाला तो १९२१ साली पेटंट संपल्यावर, स्पर्धक उभे राहिल्यावर.

‘सेफ्टी’ या शब्दाचा अर्थ तेव्हा गाल कापला जाणार नाही एवढाच होता. आपल्याकडे त्याला दुसरा अर्थ आपोआप चिकटला : कोणाची मर्जी सांभाळायला नको, कोणाची वाट पाहायला नको, कोणी नाकारील ही धास्ती नको. गांधीजींनी आत्मकथेत प्रिटोरियाची आठवण सांगितली आहे. गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला तेव्हा त्यांनी कातरयंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःचे केस स्वतः कापले. कोर्टात त्यांची थट्टा झाली. लक्षणीय भाग पुढचा आहे. त्या न्हाव्याला दोष द्यावा असे त्यांना वाटले नाही, कारण आपल्या देशात आपण तेच करतो हे त्यांना ठाऊक होते.

दक्षिण कोकणात हे यंत्र आले ते मुंबईहून. मुंबईचा चाकरमानी बोटीने निघे. देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. रोज किंवा दिवसाआड दाढी ही मुळात कचेरीची आणि पलटणीची शिस्त. गावात क्षौराला वार पाहिला जाई. सोमवार, मंगळवार, शनिवार टाळले जात, शिवाय क्षौरानंतर स्नान केल्याखेरीज घरात वावरता येत नसे. मुंबईच्या खोलीत, दहा-बारा माणसांच्या मध्ये, मोरीपाशी आरसा टांगून सकाळी आठच्या आत दाढी उरकणाऱ्याला वार पाहून कसे चालेल? शिमग्या-गणपतीला तो गावी आला की ट्रंकेत ते यंत्र असे. जुन्या घरांच्या माळ्यावर आजही ते सापडते. बहुतेकांच्या तळाशी ‘मेड इन इंग्लंड’ असते आणि निकेलचा मुलामा उडून आतले पितळ हिरवट पडलेले असते. पितळ होते म्हणूनच ते उरले. लोखंडी असते तर चार पावसाळ्यांतच संपले असते.

आमच्या घरात अशी तीन यंत्रे आहेत आणि तिन्ही मी कमी-अधिक काळ वापरली आहेत. पहिले आजोबांचे, तीन तुकड्यांचे : वरचे टोपण, खालची पट्टी, आणि दोहोंना आवळणारी मूठ. खालच्या पट्टीला फणीसारखे दात आहेत. हा सर्वांत जुना प्रकार. फणी साबणाचा फेस पुसून टाकत नाही, पात्यापर्यंत जाऊ देते. त्यामुळे चार-पाच दिवसांची वाढलेली दाढी यानेच नीट निघते. ज्या काळी आठवड्यातून एकदाच दाढी होई, त्या काळाचे हे यंत्र आहे हे त्याच्या दातांवरून कळते. दोष असा की हे यंत्र दगडी फरशीवर पडले की दात वाकतो, आणि वाकलेला दात हनुवटीला ओरखडा काढल्याशिवाय राहत नाही. दुसरे यंत्र जिलेटच्या ‘टेक’ जातीचे. १९३८ साली हा नमुना आला आणि पुढे कित्येक वर्षे निघत राहिला. यातही तीनच तुकडे. पण दातांऐवजी सलग पट्टी. पाते दोन्ही बाजूंनी घट्ट दाबले जाते, थरथरत नाही. रोज दाढी करणाऱ्याला, हात थोडा चुकला तरी सांभाळून घेणारे, असे हे यंत्र. तिसरे वडिलांचे, फुलपाखरासारखे उघडणारे. मुठीचे टोक फिरवले की वरची दोन झाकणे पंखांसारखी उघडतात, ब्लेड ठेवायचे, उलट फिरवायचे, झाले. दिसायला हेच सर्वांत देखणे. १९३० च्या दशकात ही कल्पना आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा बोलबाला झाला.

छंदी मंडळी सहसा या तिसऱ्या प्रकाराला, किंवा त्याच्याही पुढच्या, १९५८च्या सुमाराच्या आकडे फिरवून पाते कमीजास्त उघडणाऱ्या यंत्राला, वरचे स्थान देतात. मी किनाऱ्यावरचा रहिवासी म्हणून त्याच्याशी सहमत नाही. या यंत्रांच्या पोटात आटे, दांडे आणि सांधे आहेत. साबणाचा राप आणि खारट दमट हवा त्यांत शिरते आणि जूनमध्ये फिरणारी मूठ सप्टेंबरपर्यंत अडकते. खोलून साफ करता येत नाही. कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजत ठेवायचे आणि आशा करायची. तीन तुकड्यांचे यंत्र मात्र सुटे करून, धुऊन, पुसून दोन मिनिटांत मोकळे होते. चांगल्या यंत्राची कसोटी एका दाढीवर लावली तर फुलपाखरू जिंकेल. चाळीस पावसाळ्यांवर लावली तर ‘टेक’. मी दुसरी कसोटी लावतो.

यंत्र कोणतेही असो, पाते तेच बसते, ही या वस्तूची सर्वांत मोठी थोरवी आहे. सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ रुंद आणि एक दशांश मिलिमीटर जाडीचे हे पाते. १९३० च्या सुमारास त्याच्या मधल्या भोकांची जागा लांब खाचेने घेतली. पण ती अशी बेतली होती की नवे पाते जुन्या यंत्रातही बसावे. त्यामुळे पहिल्या महायुद्धाआधीच्या रेझरमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातले आजचे ब्लेड बिनतक्रार बसते. शंभर वर्षांपूर्वीचे यंत्र आणि आजचे पाते यांनी एकमेकांना ओळखावे असे दुसरे उदाहरण घरातल्या वस्तूंत शोधून पाहावे.

मात्र पात्याचा खरा इतिहास गंजाचा आहे. पहिली ब्लेड साध्या कार्बन पोलादाची. धार अतिशय तीक्ष्ण, काही जाणकारांच्या मते नंतरच्या कोणत्याही ब्लेडपेक्षा गोड. पण ओली राहिली की संपली. १९३२ साली जिलेटने निळ्या लेपाचे ब्लेड काढले त्यामागे गंजापासून बचाव हाही एक हेतू होता. बोस्टन-लंडनला हा प्रश्न न्हाणीघरापुरता होता. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल, कपड्यांना बुरशी आणि मीठ ठेवलेल्या बरणीत पाणी. त्यात पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे ब्लेडही इतर बेगमीबरोबर आधीच आणून ठेवायची. मेणकागदाच्या पुडीतही ती डागाळत. मग घरोघर उपाय निघाले. वापरलेले पाते पुसून खोबरेल तेलात बुडवून ठेवायचे. धार गेली असे वाटले की काचेच्या पेल्याच्या आतल्या गोलाईवर दोन बोटांनी दाबून पुढेमागे घासायचे. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी तो कर्र असा आवाज ऐकलेला असेल. हा उपाय निव्वळ समजुतीचा नव्हता. साध्या पोलादाची धार झिजण्याआधी वळते, आणि काचेवर घासल्याने वळलेली कड पुष्कळ अंशी सरळ होते. न्हाव्याच्या चामडी पट्ट्याचेच ते घरगुती रूप होते; धोकटीतले ज्ञान पेल्यात आले होते.

१९६२ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने लेप दिलेले स्टेनलेस ब्लेड बाजारात आणले आणि चार-पाच दाढ्यांचे पाते दहा-बारा दाढ्यांचे झाले. जिलेटसारख्या बलाढ्य कंपनीला काही काळ मागे हटावे लागले. भारतात ते वर्ष परकीय चलनाच्या टंचाईचे. आयात ब्लेड मिळणे कठीण. याआधी, १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि तिथे परदेशी मालाचा बाजार मोकळा होता. बांदा-सावंतवाडीच्या बाजूने तो माल चोरवाटांनी अलीकडे येई, आणि त्यात ब्लेडही असत असे तिकडची जुनी माणसे सांगतात. देशी बाजारपेठ व्यापली ती मल्होत्रा कुटुंबाच्या उद्योगांनी. त्यांच्या ‘भारत’, ‘पनामा’, ‘टोपाझ’ या नावांनी दोन-तीन पिढ्यांच्या सकाळी सुरू झाल्या. याच कुटुंबाच्या विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये होता; तिथले ‘सुपरमॅक्स’ जगभर जाई. २०२२ साली त्या कारखान्यातली यंत्रे थांबली. ऐंशीच्या दशकात इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्सच्या रूपाने जिलेट भारतात कारखानदार म्हणून उतरली आणि ‘सेव्हन ओ’क्लॉक’ आले.

तुलना करायचीच तर माझा अनुभव असा. लेप दिलेली स्टेनलेस ब्लेड पहिल्या दाढीला थोडी बोचरी, दुसऱ्या-तिसऱ्याला उत्तम आणि मग हळूहळू बोथट. साधी पोलादी ब्लेड पहिल्या दाढीला उत्तम आणि तिसऱ्याला निरुपयोगी. स्टेनलेसवर पेल्याचा उपाय चालत नाही. घासल्याने लेपच जातो. केस पोलादाहून पन्नासेक पट मऊ असतो, तरी पाते बोथट का होते, याचे उत्तर २०२० साली एमआयटीतल्याच संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढ्या करून शोधले. केस वाकतो, धारेवर तिरका दाब येतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे तिचा बारीक टवका उडतो. यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष न्हाव्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. केस आधी भिजवून मऊ करा.

येथे पाण्याचा प्रश्न येतो. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मऊ. साबण लगेच फेसाळतो. पण किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि मिठामुळे साबण विरघळतच नाही, फुटतो. साबण करणारे कारखानदार द्रावणातून साबण वेगळा काढायला मीठच घालतात, हे ध्यानात घेतले की त्याचा उलगडा होतो. मालवणात एका वृद्ध कारागिराने मला उन्हाळ्यात ऐकवले होते, “सर, पाणी खारा आसा, फेस कसो येतलो?” आणि मग त्याने मडक्यातले प्यायचे पाणी वाटीत घेतले. ज्या किनाऱ्यावर चहूकडून समुद्राने वेढलेल्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी नावे विहिरींना मिळाली, तिथे गोड्या पाण्याची किंमत दाढीलाही कळत असली पाहिजे. रेझर कोणता, ब्लेड कोणते, यापेक्षा वाटीतले पाणी कोणते याने अधिक फरक पडतो.

स्वच्छ दाढी हा ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता असे या भागातले लोक म्हणजे दशावतारी कलावंत. कार्तिकापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा. आज या देवळात खेळ, उद्या पुढच्या गावात. स्त्रीभूमिका पुरुषच करतात आणि रंगही ज्याचा त्यानेच रंगवायचा. द्रौपदी किंवा तारामती उभी करायची तर हनुवटीवर निळसर छटाही दिसता कामा नये. रंगाखाली कापलेली कातडी रात्रभर चुरचुरते ती वेगळीच. शिवाय दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फिरतीवर प्रत्येक गावी न्हावी वेळेवर मिळेलच असे नाही. पेटाऱ्यात मुकुट आणि शालूंबरोबर रेझर असणे ही अशा माणसाच्या बाबतीत चैन नव्हती. मराठी रंगभूमीच्या इतिहासात आपण बालगंधर्वांच्या शालूंची आणि अत्तरांची चर्चा पुष्कळ केली. स्त्रीपार्टी नटाच्या दाढीची केली नाही. वास्तविक सगळी भ्रांती त्या दोन चौरस इंच कातडीवर तोललेली असते.

नव्वदच्या दशकानंतर दोन घटना घडल्या. बहुपाती प्लास्टिकच्या यंत्रांनी धातूचे रेझर माळ्यावर पाठवले. यातला एक प्रसंग अभ्यासण्यासारखा आहे. जिलेटने भारतासाठी काढलेले एक यंत्र अमेरिकेतच, एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतले होते. त्यांना ते आवडले. इथे मात्र ते केसांनी तुंबू लागले, कारण तिथे नळाखाली धरायला वाहते पाणी होते आणि इथे पुष्कळ घरांत एक वाटी. ही चूक उमगल्यावर कंपनीच्या लोकांनी भारतातल्या घरांत बसून माणसे दाढी कशी करतात ते पाहिले आणि २०१० साली पंधरा रुपयांचे ‘गार्ड’ आणले. एकाच पात्याचे, २५ ऐवजी चारच भागांचे, सहज विसळता येणारे. म्हणजे हिंडून फिरून ते आजोबांच्या तीन तुकड्यांच्या जवळपास पोहोचले.

दुसरी घटना सलूनमधली. भारतात १९८६ साली एड्सचे रुग्ण आढळले आणि पुढच्या दशकातल्या प्रचारात ‘प्रत्येक वेळी नवे ब्लेड’ हे वाक्य भिंतीभिंतींवर लागले. पिढ्यान्‌पिढ्या दगडावर घासलेला वस्तरा त्यामुळे मागे पडला आणि अर्धे ब्लेड अडकवायची मूठ आली. ज्या पात्याने न्हाव्याकडे येणारी गिऱ्हाइके घरी बसवली, तेच पाते त्याच्या हातात परत आले. त्याबरोबर धार लावण्याची विद्या गेली. आताच्या तरुण कारागिरांपैकी फारच थोड्यांना दगड वापरता येतो. पण दुसरे काही आले. गिऱ्हाइकाला पूर्वी धारेवर विश्वास ठेवावा लागे, आता तो पुडी फोडलेली पाहू शकतो. कोणत्या जातीच्या गालावर आधी कोणता वस्तरा फिरला होता, हा प्रश्नच विचारता येत नाही, कारण पाते आत्ताच उघडले आहे.

मालवणच्या बाजारपेठेतल्या सलूनमध्ये बसलो की मी त्या क्षणाकडे लक्ष ठेवतो. कारागीर पुडीतून ब्लेड काढतो, पण कागद सोडवत नाही. कागदासकट ते दोन बोटांत लांबीच्या बाजूने धरून वाकवतो, टक असा बारीक आवाज होतो आणि एका ब्लेडचे दोन भाग होतात. अर्धे माझ्यासाठी, अर्धे बाकावर बसलेल्या पुढच्या माणसासाठी, तो कोण असेल तो.